पाटाचं बिल आणि अनुदानाचे सहा हजार

गावाकडे शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे आपल्या डोक्यात फार पक्कं बसलंय. इथे अमेरिकेत, आयोवात, इलिनॉयमध्ये जमीन घेतलेले आपले लोकसुद्धा सरकारकडून मिळालेल्या पैशांचा फॉर्म, १०९९-जी, हातात पडला की विचारतात, "अहो, हे तर अनुदान, याला कसला टॅक्स?" भारतातली ती करमाफी आपल्याबरोबर विमानात बसलेली नाही, मंडळी.

त्या फॉर्मच्या ७ नंबरच्या चौकटीतला आकडा आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडेही गेलेला असतो. शेतीच्या जमाखर्चाचा फॉर्म असतो, शेड्यूल एफ, त्याच्या ४ए ओळीत तो पूर्ण लिहायचा आणि त्यातला करपात्र भाग ४बीमध्ये.

समजा, उतारावरून माती वाहून जात होती म्हणून तुम्ही शेतात रुंद, उथळ पाट काढून त्यात गवत लावलं. खर्च ८,००० डॉलर, त्यातले ६,००० सरकारने दिले. बहुतेक जण मनातल्या मनात वजाबाकी करून २,००० खर्च दाखवतात आणि अनुदानाचं नावच काढत नाहीत. मग आयआरएसचं पत्र येतं. सरळ पद्धत अशी: ६,००० उत्पन्नात आणि ८,००० खर्चात, १२व्या ओळीत. मात्र काम एनआरसीएसने, म्हणजे कृषी खात्याच्या मृद-जलसंधारण विभागाने मंजूर केलेल्या किंवा राज्याच्या तशाच आराखड्याला धरून हवं. शिवाय ही वजावट ज्यातून मिळते ते आयकर कायद्याचं कलम १७५ एका वर्षात शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंतच वजावट देतं. अनुदान धरून तुमचं ढोबळ उत्पन्न २४,००० असेल, तर यंदा ६,००० वजा होतील, उरलेले २,००० पुढच्या वर्षावर जातील. सिमेंटचं बांधकाम किंवा पाइप असेल तर ही ओळ विसरा, तिथे घसारा, म्हणजे खर्च दरवर्षी थोडा थोडा वजा.

कलम १२६ खाली काही योजनांमधलं अनुदान उत्पन्नातून वगळता येतं, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. येतं, पण अटी किचकट आहेत, आणि वगळलेल्या ६,००० चा खर्चही मग दाखवता येत नाही. म्हणजे शेवटी निव्वळ वजावट दोन्हीकडे २,०००च, फक्त ती यंदा की पुढच्या वर्षी एवढाच फरक. वर २० वर्षांच्या आत जमीन विकली तर जुना हिशेब पुन्हा उघडतो. एवढ्याशा रकमेसाठी मी त्या वाटेला जात नाही. जमीन पिकाखालून काढून ठेवण्याबद्दल सरकार देतं ते सीआरपी योजनेचं वर्षाचं भाडं तर त्या सवलतीत बसतच नाही.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांची अडचण. जमीन रोख खंडाने दिली असेल आणि शेतीच्या कामात तुमचा काहीच सहभाग नसेल, तर तुम्ही शेतकरी धरले जात नाही, १७५ ची वजावट मिळत नाही. पिकाच्या वाट्याने दिली असेल तर मिळू शकते. तेव्हा आधी कपाटातून करार काढा, खंड की वाटा ते बघा, आणि मग पाटाचं बिल घेऊन या.