पट्टीने आखलेला प्रांत

(दृश्य: फळ्यावर लाकडी पट्टी. खडूच्या चार रेघा.)

सास्काचेवान. कॅनडाच्या नकाशात काढायला सगळ्यात सोपा प्रांत. चार रेघा मारल्या की झाला. खाली ४९ वं अक्षवृत्त, वर ६० वं, पश्चिमेला ११० वं रेखावृत्त. सीमेवर ना समुद्र, ना नदी, ना डोंगर. १९०५ साली ठरल्या त्या कागदावर. आकाराने हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, वस्ती मात्र नाशिक शहरापेक्षा कमी.

(दृश्य: संत्रं आणि स्केचपेन.)

आता मुलांना तोच आयत संत्र्यावर काढायला सांगा. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. वरची बाजू आखडत जाते आणि मुलं खोडरबर शोधू लागतात. चूक त्यांची नाही. खालची सीमा आहे सुमारे ६३० किलोमीटर, वरची जेमतेम ४४५. पृथ्वी गोल आहे हे पाठ असतं, हाताला ते इथे कळतं.

(दृश्य: गणिताची चौकटीची वही.)

सहा गुणिले सहा, छत्तीस घरं. गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी सरकारने हा गवताळ प्रदेश असाच मोजला. एक घर म्हणजे एक चौरस मैल. त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर. १८७२ च्या कायद्याने तो १० डॉलर फी भरून मिळायचा. अट एवढीच, की तिथे राहायचं आणि जमीन कसायची. आज याच चौकोनांत गहू पिकतो, आणि मसूरही. कॅनडाहून आपल्याकडे येणारी बहुतेक मसूर इथलीच.

म्हणून पुढच्या खेळाला मसुराचे दहा दाणे घ्या. हा खेळ घाईने उरकू नका.

(दृश्य: कोरा कागद, त्यावर निळा वळणदार दोरा.)

दोरा म्हणजे दक्षिण सास्काचेवान नदी. दाणे म्हणजे दहा घरं. जमीन अशी वाटा, की प्रत्येकाच्या दाराशी पाणी हवं आणि मागे गवत नि लाकूडफाटाही हवा. चौकोन पाडून जमत नाही. पाडाव्या लागतात त्या नदीपासून आत जाणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्या.

काठावरच्या बाटोश गावात मेटी लोक असेच राहत. आदिवासी आया आणि युरोपीय, बरेचसे फ्रेंच, वडील यांच्यातून घडलेला हा समाज. पट्ट्या आमच्या नावे करून द्या, असे अर्ज त्यांनी सरकारकडे केले. दाद लागली नाही. बाकीच्या तक्रारीही साचत गेल्या. १८८५ च्या वसंतात बंदुका निघाल्या, १२ मेला बाटोश पडलं. त्यांचा नेता लुई रिएल याला १६ नोव्हेंबरला रेजायनात फाशी दिलं.

(दृश्य: चौकटी आखलेला ट्रेसिंग पेपर पट्ट्यांवर अलगद उतरतो.)

आता मोजा. कुणाचं घर कुणाच्या चौकोनात गेलं?

(दृश्य: कॅमेरा जवळ. एक दाणा नेमका रेघेखाली.)