आजी मंडईत गेली, बाकीचं चित्रकार बघेल

हे जे कागदावर पेन्सिलीने काढलेले बारके बारके चौकोन दिसतायत ना, आत नुसती काड्यांची माणसं, ते एक अख्खं पुस्तक आहे. 24 पानांचं. लोकांना वाटतं मुलांच्या पुस्तकाचं काम म्हणजे रंग घेतले आणि बसलो, पण खरी डोकेफोड या चौकोनांत होते आणि ती बरीचशी हिशोबाची असते. छापखान्यात मोठ्या शीटवर एका बाजूला 8 पानं, मागे 8, घड्या घातल्या की 16 पानांचा एक फॉर्म, अर्धा घेतला तर 8 चा, म्हणून ही पुस्तकं 16, 24, 32 अशीच निघतात, गोष्ट 19 पानांत छान बसत होती वगैरे कुणी ऐकून घेत नाही. त्यातून टायटल गेलं, प्रकाशकाच्या माहितीचं पान गेलं, की गोष्टीला हातात राहतात 10-11 जोडपानं.

आणि मग उजवं पान. उजव्या पानावर काय अर्धवट सोडायचं यावर माझे दिवसच्या दिवस जातात, कारण मूल पान उलटतं ते पुढे काय झालं बघायला, मांजर पळालं असेल तर उजव्या कडेला शेपूट दिसली पाहिजे, अख्खं मांजर तिथेच दाखवलंत तर पान उलटायचं कशाला. मधे पिन असते, तिथे कुणाचा चेहरा आला की नाक घडीत. हे सगळं आधी डमीत बघायचं, साधे कागद दुमडून, स्टेपल मारून, स्वतःच उलटून उलटून.

आता मजकूर. समजा एवढंच आलंय की आजी मंडईत गेली. संपलं वाक्य. पाऊस आहे का ऊन, आजी साडीत का पंजाबी ड्रेसमधे, बसने गेली का रिक्षावाल्याशी वाद घालून चालत निघाली, नात बरोबर आहे का, आजी चिडलीय का खूश, हे सगळं माझ्याकडे. लेखकाने ढगांचा गडगडाट झाला असं लिहिलं आणि मीही फक्त ढगच काढले तर मग मी केलं काय? मी खाटेखाली घुसलेलं कुत्रं काढीन. गोष्टीचा अर्धा भाग चित्रातच सांगितला जातो आणि चांगला लेखक ती जागा मोकळी सोडतो. पुण्यातच माधुरी पुरंदरे लिहितात पण स्वतः आणि चित्रंही स्वतःच काढतात, तिथे ही वाटणी एकाच डोक्यात होते, आमचं मात्र संपादकाला फोन करून, अहो हे वाक्य काढूया का, चित्रात दिसतंय की, असं चालतं. कधी काढतात, कधी नाही.

आजीवरून आठवलं. ब्रीफमधे, म्हणजे चित्रात काय हवं ते प्रकाशक लिहून देतात त्यात, आजी असली की पांढरा अंबाडा, गोल चष्मा, जपमाळ. अरे सकाळी सारसबागेत या जरा, साडीवर स्पोर्ट्स शूज घालून तुमच्यामाझ्यापेक्षा जोरात चालणाऱ्या आज्या बघा!

म्हणून स्केचबुक घेऊन बाहेर बसायचं, हा टाइमपास नाही, कामच आहे. मंडईत भाजीवाल्या मावशी एक गुडघा वर घेऊन कशा बसतात, तराजू उचलला की खांदा कुठे झुकतो, जड दप्तरवालं पोरगं चालताना किती पुढे वाकतं, हे डोक्यातून नाही काढता येत. नेटवर रेफरन्स शोधलात तर धुराडंवाली घरं आणि लाकडी कुंपणं येतात आणि मग पुस्तकातलं गाव धड इथलंही राहत नाही आणि तिथलंही होत नाही. प्राणी काढायला मी कात्रजच्या झूमधे जाते, बुधवार सोडून, बुधवारी बंद असतं.

पुण्याची गल्ली काढायची म्हणजे पाट्या हव्यातच, बरोबर? आणि तेच करता येत नाही. तेच चित्र मराठी, हिंदी, कन्नड, तामिळ अशा चार-पाच भाषांत जाणार असतं. छपाईत चार रंगांच्या चार प्लेट, सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी, आणि मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवतात, म्हणजे भाषा बदलली की तेवढी एक प्लेट बदलायची, बाकी तीन त्याच. म्हणून रात्रीच्या आभाळावर पांढरी अक्षरं नकोत, ती म्हणजे सगळ्या रंगांत सोडलेली कोरी जागा, त्याला चारही प्लेट बदलाव्या लागतात, आणि दुकानांवर अक्षरं नकोत. मग केळ्यांचा घड टांगायचा, खुर्चीसमोर आरसा दाखवायचा, पोरांना बरोबर कळतं कुठलं दुकान ते. शिवाय मजकुराची जागा सैल ठेवायची, देवनागरीला वर मात्रा खाली उकार, ओळी चिकटून चालत नाहीत, आणि तामिळमधे तेच वाक्य बरंच लांबतं. तरी माझ्यातलं पुणं गप्प बसत नाही, एका पुस्तकात गेटवर कोरी पाटी काढली आणि समोर ती वाचून चिडलेला माणूस.

चित्रं कुठे कुठे पोचतात हा तर वेगळाच प्रकार. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सने 2015 मधे स्टोरीवीव्हर ही वेबसाइट सुरू केली, तिथे गोष्टी आणि चित्रं खुल्या परवान्याने ठेवतात, श्रेय दिलं की कुणीही भाषांतर करावं, चित्र उचलून वेगळी गोष्ट लिहावी, त्यामुळे इथे पेठेत बसून काढलेली बकरी मला एक अक्षर वाचता येत नाही अशा लिपीत काहीतरी बोलत असते.

पावसाळ्यात काम जास्त, कारण दिवाळी अंक. आणि नेमका तेव्हाच वॉटरकलर वाळत नाही, कागद दमट, पंखा फुल्ल. स्कॅनमधे फिक्या पिवळ्याचा पातळ हात गायबच होतो, आणि स्क्रीनवर चमकणारा पोपटी चार शाईंतून निघतच नाही. मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद असेल तर तो शाई पितो, सगळं एक शेड गडद आणि मळकं, गुळगुळीत आर्ट पेपरवर तेच झगझगीत. म्हणून कागद कुठला हे आधी विचारायचं, रंग नंतर. जुन्या माणसांनी हे कसं सांभाळलं ते बघायचं असेल तर बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासूनचं ऑनलाइन फुकट आहे, कमी रंगांत काय काय केलंय बघा.

आता पैसे. बऱ्याच ठिकाणी लेखकाला रॉयल्टी आणि चित्रकाराला एकदाच ठोक रक्कम, पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघोत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ऐकायला मस्त. पण करारात मधेच कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत असं एक वाक्य बसवलेलं असतं, तिथे 5 वर्षं संपली. ते वाक्य मी आता पेन्सिलीने खूण करून परत पाठवते, निम्म्या वेळा बदलून येतं. हक्क दिले तरी काम माझं आहे हे सांगायचा अधिकार कलम 57 ने माझ्याकडेच राहतो, त्यामुळे कव्हरवर नाव, हे मी करारातच लिहून घेते. एका प्रकाशकांनी विचारलं, चित्रकाराचं नाव बघून पुस्तक कोण घेतं हो? म्हटलं, चार वर्षांचं मूल लेखकाचं तरी बघतं का? हसले. नाव लागलं, लेखकाच्या खाली, जरा बारीक टायपात.