बाल्टिमोर बंदरातले दोन खटले

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेची राज्यघटना म्हटली की व्हाइट हाउस आठवतं, राष्ट्राध्यक्षांची निवडणूक आठवते. आज मी तुम्हाला मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर या बंदराच्या शहरात नेणार आहे. केंद्र आणि राज्यं यांच्यात सत्तेची वाटणी झाली, पण त्या वाटणीत साध्या नागरिकाच्या पदरात काय पडलं, हे या शहरातल्या दोन खटल्यांमधून लख्ख दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७८१ साली अमलात आलेल्या, राज्यांनी आपसांत केलेल्या पहिल्या करारनाम्यात मध्यवर्ती काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिकांचा पगार द्यायचा तर राज्यांकडे हात पसरायचा आणि ती देतील तेवढ्यात भागवायचं. करारनाम्यात बदल करायचा तर १३ च्या १३ राज्यांची संमती हवी. आयात मालावर जकात बसवायची सूचना आली, तर छोट्याशा ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ती बारगळली. अखेर १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड खल करून नवी घटना लिहिली गेली. केंद्राचे अधिकार त्यात मोजून दिले: कर, चलन, परदेशांशी आणि राज्याराज्यांतला व्यापार, युद्ध. उरलेले अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने नोंदवलं.

आता बाल्टिमोर. केंद्राच्या सनदेने चालणाऱ्या बँकेची इथे शाखा होती. १८१८ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला की राज्याची सनद नसलेल्या बँकेने नोटा काढायच्या असतील तर राज्याकडून मुद्रांक कागद विकत घ्यावा, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरावेत. रोख कोणावर होता हे सांगायलाच नको. शाखेचे रोखपाल जेम्स मॅक्युलक यांनी मुद्रांक नसलेल्या कागदावर नोटा काढल्या, त्यांच्यावर दंडाचा दावा लागला आणि प्रकरण १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

नऊ दिवस युक्तिवाद चालला. राज्याच्या बाजूने उभे होते ल्यूथर मार्टिन. हे गृहस्थ स्वतः फिलाडेल्फियाच्या बैठकीत होते आणि केंद्र फार बलवान होतंय म्हणून सही न करता निघून आले होते. त्यांचं म्हणणं, घटनेत बँकेचा उल्लेख कुठे आहे? सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी उत्तर दिलं की ही घटना राज्यांनी नव्हे, जनतेने निर्माण केली आहे. कर गोळा करणं, सैन्य पोसणं ही कामं केंद्राला दिली, तर ती पार पाडायची योग्य साधनंही त्यातच आली. आणि कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार येतो, म्हणून एका राज्याला साऱ्या देशाच्या संस्थेवर असा कर लावता येणार नाही. निकाल एकमताचा होता. मला तो बरोबर वाटतो. एका राज्याच्या विधिमंडळात बाकी राज्यांतल्या लोकांचा कोणी प्रतिनिधी नसतो, मग त्यांच्या संस्थेचं भवितव्य तिथे का ठरावं?

अमेरिकी संघराज्याची गोष्ट बहुतेकदा इथेच संपवतात. माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या खटल्यात आहे.

त्याच बंदरात जॉन बॅरन यांचा भागीदारीत एक धक्का होता. पाणी खोल, मोठी जहाजं लागायची, धंदा उत्तम. पुढे शहराने रस्त्यांची कामं काढली, ओढ्यांचे प्रवाह वळवले. पावसाळी पाण्याबरोबर वाळू आणि गाळ येऊन धक्क्यापाशी साचू लागला, आणि पाणी इतकं उथळ झालं की मोठं जहाज लागेना. खालच्या न्यायालयाने ४,५०० डॉलर भरपाई मंजूर केली, वरच्याने ती काढून घेतली. बॅरन सर्वोच्च न्यायालयात गेले. पाचव्या दुरुस्तीत लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी कोणाची मालमत्ता घेतली तर रास्त भरपाई द्यावी. १८३३ मध्ये त्याच मार्शल यांनी सांगितलं की ही दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. राज्याला नाही, शहरालाही नाही.

म्हणजे विचार करा, भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, सारे हक्क घटनेत लिहिलेले. पण आपल्या दारातल्या सरकारापुढे ते चालत नाहीत! हा धोका जेम्स मॅडिसन यांनी आधीच ओळखला होता. १७८९ मध्ये त्यांनी सुचवलं होतं की सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि ज्यूरीपुढे खटला, यांवर राज्यांनाही घाला घालता येऊ नये. प्रतिनिधिगृहाने ते मान्य केलं, सिनेटने गाळलं. त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामगिरीविरुद्धच्या लिखाणावर बंदी घातली आणि राज्यांच्या हक्कांच्या नावाखाली माणसांची खरेदी-विक्री चालू ठेवली. यादवी युद्धात लाखो माणसं मेली, तेव्हा कुठे १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. कोणतंही राज्य कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून कोणाचं जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावणार नाही, कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही, असं तिने बजावलं. त्यानंतरही समान संरक्षणाचं हे वचन काळ्या नागरिकांच्या बाबतीत अनेक दशकं पायदळी तुडवलं गेलं, हे विसरून चालणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, अमेरिकेची घटना त्यांना चांगली ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेतल्या दुहेरी, म्हणजे देशाचं एक आणि राज्याचं एक अशा, नागरिकत्वाशी तुलना करून भारताचं नागरिकत्व एकच राहील हे स्पष्ट केलं. आपल्या संविधानाचं बारावं कलम काढून पाहा. मूलभूत हक्कांसाठी 'राज्य' म्हणजे केंद्र सरकार, राज्य सरकारं आणि स्थानिक प्राधिकरणंसुद्धा. आपली नगरपालिकाही त्यात आली. हे हक्क महापालिकेला लागू आहेत का, असा वाद घालत बसायची पाळी आपल्यावर आली नाही, ती या कलमामुळे.

अमेरिकेत मात्र घटनेतले हक्क राज्यांना लागू करण्याचं हे काम चौदाव्या दुरुस्तीच्या आधाराने, एकेका हक्कापुरतं, खटल्याखटल्याने झालं. भरपाईचा हक्क राज्यांना लागू झाला १८९७ मध्ये, बॅरन यांच्या खटल्यानंतर ६४ वर्षांनी. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला १९६३ मध्ये, फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन या कैद्याने पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरून. अवाजवी दंडाविरुद्धचा हक्क राज्यांना लागू व्हायला २०१९ उजाडलं. आणि गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्याआधी ग्रँड ज्यूरीची, म्हणजे खटल्याइतका पुरावा आहे का हे आधी पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, संमती घेण्याचं बंधन आजही केंद्रावर आहे, राज्यांवर नाही.

नमस्कार.