ऑक्टोबरचा लाभांश आणि थांबलेला हप्ता

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑक्टोबर लागला की घरोघरी वाट पाहिली जाते ती लाभांशाची. राज्याच्या १९७६ च्या घटनादुरुस्तीनुसार तेल आणि खनिजांच्या रॉयल्टीचा किमान चौथा हिस्सा ‘पर्मनंट फंड’ या राज्याच्या कायमस्वरूपी निधीत जातो. फंडाच्या कमाईतून १९८२ पासून दरवर्षी रहिवाशांना, अगदी लहान मुलांनाही, सारखीच रक्कम मिळते. २०२२ मध्ये ती ३,२८४ डॉलर होती, २०२५ मध्ये १,०००.

आता अशा माणसाचा हिशेब पाहू, ज्याचं घर ‘एसएसआय’वर चालतं. वृद्ध, अंध आणि अपंग गरिबांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची ही मदत. २०२५ मध्ये एकट्या व्यक्तीला महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर. दुसरी काहीच मिळकत नाही असं धरू. लाभांशाच्या १,००० मधून २० डॉलरची सूट वजा केली, उरले ९८०, ही मोजली जाणारी मिळकत. हे ९६७ पेक्षा १३ ने जास्त. म्हणून ऑक्टोबरची मदत पूर्ण बंद. हाती हजार आले, ९६७ गेले. खरा फायदा ३३ डॉलरचा.

हे असं का? राज्याने स्वतःच्या पैशातून गरज पाहून दिलेली मदत एसएसआय मिळकतीत धरत नाही. हा लाभांश मात्र गरीब-श्रीमंत न पाहता सगळ्यांना मिळतो, म्हणून तो धरला जातो. सर्वांना समान देण्याची किंमत सर्वांत गरिबाने मोजावी, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. अलास्कातल्या मूलनिवासी कॉर्पोरेशनही आपल्या भागधारकांना लाभांश देतात. तो वर्षाला २,००० डॉलरपर्यंत धरला जात नाही. राज्याच्या लाभांशाला ही सवलत नाही. दोन्हींना ‘डिव्हिडंड’च म्हणतात, त्यामुळे कळवताना पैसा कुठून आला ते स्पष्ट लिहावं.

कर्जापायी किंवा मुलांच्या पोटगीपायी लाभांश परस्पर कापला गेला, तरी कापलेली रक्कमही मिळकतच.

पुढचा अडथळा १ नोव्हेंबरचा. त्या दिवशी जे शिल्लक असेल, ते बचतीत मोजलं जातं. मर्यादा एकट्याला २,००० डॉलर, जोडप्याला ३,०००. १९८९ पासून ती बदललेली नाही. २०२२ सारख्या वर्षी लाभांश खात्यात तसाच पडून राहिला, तर नोव्हेंबरही हातचा गेला. म्हणून ऑक्टोबरातच भाडं, हिवाळ्याचं इंधन, घरातली दुरुस्ती उरकून पावत्या ठेवाव्यात. अपंगांसाठीच्या ‘एबल’ खात्यात टाकलेला पैसा बचतीत धरला जात नाही; पण त्याने ऑक्टोबरची मिळकत पुसली जात नाही.

अलास्काच्या कायद्यात यावर उपाय आहे, ‘होल्ड हार्मलेस’. केवळ लाभांशामुळे मदत तुटली, तर ती राज्य भरून देतं, जास्तीत जास्त चार महिने. त्यासाठी तुटण्याचं कारण लाभांशच आहे, हे दिसावं लागतं. आधीच शिल्लक मर्यादेबाहेर असेल तर हा आधार लागू होत नाही.

ऑक्टोबरात आलेली रक्कम १० नोव्हेंबरपर्यंत सोशल सिक्युरिटीला, म्हणजे एसएसआय देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला, कळवावी. मदत थांबल्याचं पत्र फेकू नये. राज्याच्या कार्यालयात तोच पुरावा. आणि मदत सलग १२ महिने थांबलेली राहिली, तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो.