फ्लास्कवरचं नाव आणि आतल्या पेशी

सुरुवात विरजणापासून करते, कारण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी ते असतंच. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आईचं विरजण संपलं की शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणायचं, काकूंनी ते नणंदेकडून आणलेलं, नणंदेनं गावाकडनं, आणि पहिलं दही कुणी लावलं असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. दह्याचं यात काही बिघडत नाही, फार आंबट झालं तर कढी करायची. कॅन्सरच्या रिसर्चमधल्या पेशी पण अशाच फिरतात बघा. फ्लास्कमधल्या थोड्या पेशी काढायच्या, नव्या मीडियात, म्हणजे पेशींच्या खाद्याच्या द्रावणात, टाकायच्या, ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, दोन-तीन दिवसांत फ्लास्क भरतो, परत थोड्या काढायच्या, थोड्या मैत्रिणीच्या लॅबला द्यायच्या. या पिढ्यान् पिढ्या वाढणाऱ्या पेशींना सेल लाईन म्हणतात. आणि इथं मूळ माहीत नसेल तर अजिबात चालत नाही, कारण या पेशींच्या नावावर उद्या कुणाचं तरी औषध ठरणार असतं.

माझं स्वतःचं सांगते. पीएचडीला असताना मी एका झाडाच्या पानांचा अर्क तपासत होते. राधानगरीच्या बाजूनं पानं आणायची, सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढायचा आणि पेशींवर टाकायचा. आता पेशी नुसत्या मारून काय उपयोग, फिनाईलनं पण मरतात की, कॅन्सरच्या मेल्या पाहिजेत आणि चांगल्या वाचल्या पाहिजेत. म्हणून एका प्लेटमध्ये लिव्हरच्या ट्यूमरची हेप-जी-टू आणि दुसऱ्या प्लेटमध्ये 'नॉर्मल लिव्हर' म्हणून चँग लिव्हर. ही चँग मला एका सीनियरनं दिली, त्याला त्याच्या मित्रानं दिलेली, व्हायलवर, म्हणजे छोट्या कुपीवर, निळ्या मार्करनं 'चँग पी-२३' एवढंच, पी म्हणजे पॅसेज, पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये काढल्या तो नंबर, तारीख नाही, कुठून आली ते नाही. मी विचारलंही नाही. तब्बल १४ महिने काम केलं. अर्कानं हेप-जी-टू जास्त मरत होत्या, चँग जरा तग धरत होत्या, म्हणजे अर्क निवडून मारतोय असं आम्ही अगदी आनंदानं लिहिलं. जर्नलनं विचारलं, पेशी त्याच आहेत याचा पुरावा द्या. डीएनए पाठवला. रिपोर्टमध्ये एका ओळीत आकडे होते, १२ आणि १३.३, आणि खाली नाव होतं हेला, भलत्याच एका सेल लाईनचं.

हे आकडे म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथंच आहे. आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. कुणाच्यात सात वेळा, कुणाच्यात अकरा वेळा, एक आकडा आईकडून आणि एक बाबांकडून. अशी एक जागा बघितली तर आकडे शंभर लोकांत जुळतील, पण आठ-दहा जागा एकत्र बघितल्या की ते त्या एका माणसाचेच होतात. पोलिस गुन्ह्याच्या तपासात वापरतात तीच ही पद्धत, एसटीआर प्रोफाइल. डी-१३-एस-३१७ नावाची एक जागा आहे, तिथं हेलाचे आकडे १२ आणि १३.३, म्हणजे १३ पूर्ण शब्द आणि वर तीन अक्षरं, अर्धवट तुटल्यासारखी. हा १३.३ सहसा दिसत नाही. त्यामुळं रिपोर्टमध्ये तो दिसला की जाणकार माणूस बाकीचे आकडे बघायच्या आधीच मान हलवतो.

म्हणजे माझी 'नॉर्मल लिव्हर' ही लिव्हर पण नव्हती आणि नॉर्मल पण नव्हती. ती हेला, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची पेशी. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या गाठीचा तुकडा काढला, तिला न विचारता, ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली आणि पेशी आजही वाढतायत. दोन्ही प्लेटमध्ये कॅन्सरच होता. मी १४ महिने कॅन्सरची तुलना कॅन्सरशी करत बसले होते.

आता हेला दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये जाते कशी? एकच मीडियाची बाटली दोघींसाठी वापरली, पिपेट बदलायची राहिली, लेबल लावताना हात चुकला, बस. हिशेब करून बघा. हेला साधारण दिवसात दुप्पट होते. समजा दुसरी पेशी दोन दिवसांत दुप्पट होते आणि तिच्या एक लाख पेशींत चुकून एकच हेला पडली. ४० दिवसांत दुसरी पेशी २० वेळा दुप्पट होणार, हेला ४० वेळा, म्हणजे हेलाला साधारण १० लाख पटीची आघाडी, आणि फ्लास्कमध्ये आता एका मूळ पेशीमागं दहा हेला. अजून महिनाभर गेला की मूळ पेशी शोधून सापडत नाही. फ्लास्कवरचं नाव मात्र तेच. मायक्रोस्कोपखाली ओळखू येत नाही का असं पोरं विचारतात, पण दाटी वाढली, मीडिया बदलला की पेशींचा आकारही बदलतो, त्यामुळं डोळ्यांवर विसंबून राहता येत नाही.

वाईट वाटतं ते याचं की हे कळून साठ वर्षं होत आली. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञांनी भर परिषदेत दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या कितीतरी लाईन्समध्ये एका एन्झाइमचं तेच रूप आहे, जे मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या लोकांत असतं, आणि हेन्रिएटा त्याच वंशाची, म्हणजे या सगळ्या हेलाच असणार. पुढं वॉल्टर नेल्सन-रीस या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी १९७४ पासून नावानिशी याद्या छापल्या, कुठली लाईन, कुठल्या लॅबची, आणि त्या माणसाला शाबासकीपेक्षा रागच जास्त मिळाला. चँग लिव्हर खोटी आहे हे तेव्हापासून छापलेलं आहे, तरी ती माझ्या हातात आली आणि आजही 'नॉर्मल लिव्हर' म्हणून पेपरात दिसते.

आणि हे एकट्या हेलाचं नाही. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाचा कॅन्सर म्हणून वापरली, निघाली मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरची. ईसीव्ही-३०४ रक्तवाहिनीची म्हणून, निघाली मूत्राशयाच्या कॅन्सरची. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते अन्ननलिकेच्या कॅन्सरचं प्रकरण. २०१० मध्ये कळलं की भरपूर वापरातल्या तीन लाईन्स मुळात फुप्फुस, आतडं आणि जठर इथल्या आहेत. तोवर त्यांच्यावर शंभराहून जास्त पेपर, अमेरिकेत ११ पेटंट झाली होती, आणि त्या निष्कर्षांवरून अन्ननलिकेच्या पेशंटवर ट्रायल सुरू होत्या. घशाखाली घास उतरत नाही म्हणून आलेला माणूस, आणि त्याच्यावरच्या औषधाचा आधार दुसऱ्याच अवयवाच्या पेशी! २०१७ मधल्या एका अभ्यासात असे चुकीच्या पेशींवरचे ३२,७५५ पेपर मोजले.

गंगावेशीत लोक म्हशीची धार समोर काढून दूध पितात, तिथं कुणी लेबल वाचत नाही. पेशींचं तसं करता येत नाही, म्हणून टेस्ट. खोट्या लाईन्सची आंतरराष्ट्रीय यादी फुकट बघायला मिळते, त्यात ५०० हून जास्त नावं आहेत, काम सुरू करायच्या आधी पाच मिनिटं काढा. पेशी शक्यतो रिपॉझिटरीतून, म्हणजे पेशींच्या बँकेतून घ्या, आपल्याकडं पुण्यात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आहेच. आल्या आल्या टेस्ट, मग भरपूर व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि पेपर पाठवायच्या आधी परत एकदा. आकडे शंभर टक्के जुळतीलच असं नाही, कॅन्सरच्या पेशी डीएनएचे तुकडे गमावतात, म्हणून ८० टक्के किंवा वर जुळलं तर एकाच माणसाच्या धरतात. पैसे नाहीत असं गाईड लोक म्हणतात, मी पण गाईड आहे, मला ग्रँटचे हाल माहीत आहेत. पण एका टेस्टचा खर्च आणि एका पोराची दोन वर्षं यांची बरोबरी कशी करायची?

मगाशी तिसऱ्या ओळीतल्या मुलीनं विचारलं, मॅडम, माझी लाईन मला सीनियरताईनं दिलीय, आता ताईला कसं विचारू, राग येईल. अगं, ताईला विचारूच नकोस आधी. उद्या सकाळी फ्लास्क ट्रिप्सिन कर, म्हणजे तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या कर, १० लाख पेशींची पेलेट, म्हणजे ट्यूबच्या तळाशी बसलेला गोळा, काढ, ट्यूबवर तारीख आणि पॅसेज नंबर लिही आणि फ्रीजरला ठेव. मग मला फोन कर, डीएनए कुठं पाठवायचा ते मी सांगते. रिपोर्ट आला की तू आणि ताई दोघी मिळून वाचा, तिच्या फ्लास्कमध्ये पण त्याच पेशी आहेत ना.