बाग पायांनी पाहावी

मंडळी, बागेत गेलं की आपण फुलांपाशी थांबतो, फोटो काढतो, पाटीवरचं नाव वाचतो. त्यात आनंद आहेच. पण तुम्हाला स्वतःची बाग मांडायची असेल, मग ती दोन गुंठ्यांची असो की गॅलरीतल्या बारा कुंड्यांची, तर लक्ष वाटेकडे द्या. ती कुठे वळते, कुठे आपल्याला थांबवते, काय झाकून ठेवते. हे मी जपानमध्ये, ओकायामाच्या कोराकुएन बागेत शिकले.

तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये बागेचं काम काढलं, ते १७०० मध्ये पुरं होत आलं. विस्तार सुमारे १३ हेक्टर. मोकळी हिरवळ, मोठं तळं, चहाचा मळा, अगदी भाताचं खाचरसुद्धा. भाताचं खाचर राजबागेत! आपल्या कोकणातल्या माणसाला ते पाहून किती आपलं वाटेल. सगळ्या बागेतून वळणं घेत पाण्याचा ओहोळ फिरतो. र्‍यूतेन नावाच्या विश्रामगृहात तर तो खालच्या मजल्याच्या मधोमध वाहतो, त्यात सहा देखणे दगड मांडलेत आणि माणसं दोन्ही कडांना बसतात. मी तिथे तासभर बसले होते. पाणी पाहण्याची वस्तू नाही, शेजारी बसवून घेण्याची आहे, हे तिथे कळलं.

युइशिनझान ही तिथली माणसाने रचलेली टेकडी, उंची जेमतेम ६ मीटर. पण चढताना झुडपं आणि दगड नजर अडवतात, आणि माथ्यावर सगळी बाग एकदम पायाखाली उलगडते. सहा मीटरांत एवढं साधतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला दिसतो. तो बागेच्या हद्दीत नाही, तरी मांडणाऱ्याने तो चित्रात धरलाय. याला जपानीत ‘शाक्केई’ म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो किल्ला जळाला, बागेतल्या बऱ्याच इमारतीही गेल्या. र्‍यूतेन मात्र वाचलं. पुढे जुन्या चित्रांच्या आधारे बाग पुन्हा उभी केली, किल्लाही १९६६ मध्ये परत बांधला. म्हणून सांगते, फोटो काढाच, पण वहीत वाटेचा कच्चा आराखडाही काढा, पावलं मोजून. फोटोत अंतर सापडत नाही.

जपानला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाशी असलेल्या मैत्रीतून कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं, दहा एकरांचं. सुट्टीचा दिवस टाळून जा. एका दिवसात पाच बागा उरकू नका. एकाच बागेत दोन फेऱ्या मारा, दुसरी उलट दिशेने. वाट उलटी चालली की मांडणाऱ्याचा हात दिसायला लागतो.

परतल्यावर माझ्याकडे कोथरूडच्या एका गच्चीचं काम आलं. मालकीणबाईंना आणखी कुंड्या हव्या होत्या. मी कठड्याजवळच्या चार उंच कुंड्या हलवल्या, बसायचा कट्टा पश्चिमेला फिरवला. पलीकडच्या सोसायटीतला बहावा समोर आला. मे महिना होता, झाड पिवळंधमक फुललेलं. बाई म्हणाल्या, “अहो, हे झाड होतं कुठे इतकी वर्षं?”