नंबर ५५०९३

(लिलावघर. रिव्हॉल्वरचा मोठा फोटो, खाली चढत जाणारे आकडे.)

लॉस एंजेलिस, ऑगस्ट २०२१. बॉनहॅम्सच्या लिलावात हे जुनं रिव्हॉल्वर ६० लाख डॉलरच्या वर गेलं.

(अगदी जवळून: रिव्हॉल्वर उलटं.)

चापाच्या पुढे, खालच्या बाजूला नंबर आहे, ५५०९३. कोल्ट कंपनीचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे मॉडेल, .४४-४० कॅलिबर म्हणजे गोळीचं माप, सहा गोळ्यांचं. अशी हजारो बनली. हे त्यातलं नेमकं कुठलं, ते या पाच आकड्यांवरून कळतं.

(बर्फाळ माळ, दगडांचा ढीग.)

न्यू मेक्सिको, डिसेंबर १८८०. स्टिंकिंग स्प्रिंग्जच्या दगडी खोपटात बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराची टोळी अडकली होती आणि बाहेर बर्फात त्याच्या मागावर असलेल्या पॅट गॅरेट या पोलीस अधिकाऱ्याची माणसं दबा धरून होती. आतले दिवसभर उपाशी. बाहेर शेकोटीवर मांस शिजू लागलं, त्याचा वास आत गेला आणि टोळी शरण आली. त्यांत आणखी एक बिली होता, बिली विल्सन. नावांची गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगतो, हे रिव्हॉल्वर या विल्सनचं. गॅरेटने ते काढून घेतलं आणि स्वतः वापरू लागला.

(कारागिराचं टेबल. एक जुनं होल्स्टर, आतून उलगडलेलं.)

होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायचं चामडी म्यान, कुठल्या हत्याराचं हे ओळखणं अवघड, कारण चामड्यावर असा नंबर नसतो. सिलिंडरने आलेला फुगवटा पाहायचा, नळीच्या तोंडाशी पडलेला काळपट डाग पाहायचा, शिवणीतला दोरा पाहायचा. हत्याराची झीज आणि चामड्याची झीज जुळली, तरच ती जोडी म्हणायची. नुसत्या ऐकीव गोष्टीवर जोडी लावू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(रात्र. अंधारी खोली.)

१४ जुलै १८८१, न्यू मेक्सिकोतलं फोर्ट सम्नर. तुरुंगातून पळालेल्या बिली द किडला गॅरेटने याच रिव्हॉल्वरने मारलं.

(पिवळा पडलेला कागद. कॅमेरा ओळींवरून सावकाश.)

१९०६ मध्ये गॅरेटने लिहून ठेवलं: हा नंबर, हे विल्सनकडून घेतलेलं, किडला मारलं ते हेच. तेव्हा रिव्हॉल्वर टेक्सासमधल्या एल पासोच्या टॉम पॉवर्सच्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात होतं, उसनं दिलेलं. १९०८ मध्ये गॅरेटचा खून झाला आणि ते तिथेच राहिलं.

(एका वयस्क बाईचा फोटो.)

अपोलिनारिया गॅरेट, त्याची बायको. पॉवर्स वारल्यावर या म्हाताऱ्या बाईने कोर्टात दावा लावला: नवऱ्याने ते उसनं दिलं होतं, विकलं नव्हतं. १९३० च्या दशकात निकाल तिच्या बाजूने लागला आणि रिव्हॉल्वर तिला परत मिळालं.